आण्णाला कुणाला गाठायचं होतं?

त्या रविवारी सकाळी मी सांगलीत कृष्णेच्या घाटावर होते. नेहमीचं हळूहळू पळणं उरकून पायऱ्यांवर टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. बघते तर आण्णाचं नाव. मला इतका आनंद झाला, की आज तो आनंद आठवला तरी अंगावर काटा येतो. कित्येक महिन्यांत त्याचा सकाळचा फोन आला नव्हता. राग गेला म्हणायचा, असं मनात म्हणत मी फोन उचलला आणि 'हॅलो'सुद्धा न म्हणता बोलत सुटले, "आली व्हय आठवण? आज दमानं चाललायस वाटतं, म्हणून बोलायला सुचलं..." पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, माणसांचा गलका होता. मग एक अनोळखी आवाज अडखळत म्हणाला, "ताई, हा फोन ज्यांचा आहे, त्यांच्या तुम्ही कोण?"

मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, ते पळताना पडलेत, यवतेश्वरच्या घाटात, आम्ही गाडीत घालून खाली दवाखान्यात आणतोय, घरचा नंबर लागत नाही. एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मी तशीच, पायात पळायचे बूट, गळ्याला घामेजलेली ओढणी, स्टँडवर गेले आणि साताऱ्याच्या गाडीत बसले. कराड मागे पडलं तेव्हा वहिनींचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग तोही ऐकू येईना, कारण मीच फोन खाली घेतला होता... पुढच्या साऱ्या रस्त्यात मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, भावाकडे चाललेय.

माझा थोरला भाऊ महादेव, आमचा आण्णा, जाऊन आता दोन महिने होत आले. या दिवसांत भेटायला आलेल्या माणसांनी जे जे ऐकवलं, त्याने माझं दुःख कमी झालं नाही, नुसतं आंबत गेलं. "पळता पळता गेले, भाग्यवान." "अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाच्या हातचं पाणी मागितलं नाही." त्याच्या कारखान्यातल्या एकाने तर 'वीरमरण' हा शब्द वापरला. ज्या ग्रुपबरोबर तो पळायचा, त्या ग्रुपने त्याचा फोटो टाकला. कपाळाला पट्टी, गळ्यात कुठल्याशा शर्यतीचं पदक, खाली ओळ: शेवटच्या श्वासापर्यंत लढलेला योद्धा. कुणाशी चाललं होतं हे युद्ध? सातारच्या औद्योगिक वसाहतीत माल तपासायच्या खात्यात तीस-एक वर्षं मान मोडून काम केलेला, गोळ्या घेऊन साखर ताब्यात ठेवणारा, एकुलत्या लेकीचं लग्न व्हायचं राहिलेला पन्नाशीपुढचा माणूस होता तो. त्याला डॉक्टरांनी तब्येतीसाठी पळायला सांगितलं होतं. तब्येतीसाठी! हा शब्द मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवते आणि सगळे मान डोलावतात, आणि जाताना पुन्हा म्हणतात, मरण मात्र चांगलं आलं हं. म्हणून हे लिहायला बसलेय. मरण चांगलं आलं नाही. ते टळण्यासारखं होतं.

आमचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या शिवेला चिकटून. घर मेंढपाळांचं. बापू, म्हणजे आमचे वडील, पाऊसकाळ सोडला तर वर्षातले बरेच महिने मेंढरांमागं असायचे. आमच्याशी ते मराठीत बोलत, मेंढरांशी मात्र कानडीत. "निधान, निधान," असं ते कळपाला सारखं म्हणत असायचे. कानडीत निधान म्हणजे हळू. आण्णाला हा शब्द मुळीच सोसायचा नाही. तो पाय घेऊनच जन्माला आला होता. शाळा दोन माळ ओलांडून होती, तिथं तो चालत गेलेला मला आठवत नाही. मी मागं रडत यायचे, तो पुढं जाऊन बाभळीखाली थांबायचा आणि मी पोचले, की पुन्हा सुटायचा. एकदा गावात कुस्त्या होत्या म्हणून त्याने संध्याकाळी कळप घाईघाईने हाकत आणला. त्यात एक गाभण मेंढी होती. मेंढरांच्या वाड्यापाशी आली आणि बसली, ती उठलीच नाही. बापूंनी त्याला मारलं नाही. दिवेलागण झाली तरी ते तिच्या पोटावर हात ठेवून बसून होते. मग एवढंच म्हणाले, "जनावराला बोलाय येत न्हाई रं. दमलो म्हनून कसं सांगंल ते? तू हाकलंस, ते पळलं." आण्णा कुस्त्यांना गेला नाही. पण पळणं काही त्याने सोडलं नाही.

तालुक्याच्या खेळांत तो दुसरा आला. जिल्ह्यालाही दुसराच. त्या काळात आमच्याकडच्या पोरांना एकच स्वप्न असायचं, भरती. आधीची काही पोरं सैन्यात गेलेली, सुट्टीवर आली की गावभर त्यांच्या ट्रंका दिसायच्या. आण्णाही गेला भरतीला. तिथं मैदानाच्या चार फेऱ्या पळायच्या असतात. हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. पहिल्या फेरीला सगळ्यांच्या पुढं, दुसऱ्या फेरीलाही पुढं. तिसरीत त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि चौथीत जी पोरं पहिल्यापासून एका लयीत येत होती, ती एकेक करून त्याला ओलांडून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा गेला आणि पुन्हा अगदी तसंच केलं. त्याच्याबरोबर गेलेला गावातला एकजण घेतला गेला. परत आल्यावर आण्णा मला म्हणाला होता, "सुमे, कळत होतं गं. पयलीतच कळत होतं, जरा आवरावं म्हनून. पन पुढं कोन तरी दिसलं की माझं पाय माझं ऱ्हात न्हाईत." मग वय निघून गेलं. त्याने आयटीआय केलं, साताऱ्यात नोकरी धरली, शालनवहिनींशी लग्न झालं, प्राजक्ता झाली. मी शिक्षिका होऊन सांगलीत आले. भरतीचा विषय तो स्वतःहून कधी काढायचा नाही. पण त्याच्या घराच्या आसपास निम्मी घरं माजी सैनिकांची. त्यांच्या दारांवरच्या पाट्यांकडे तो कसा बघायचा, ते मी बघितलंय.

साखर आम्हा दोघांनाही एकाच वर्षी निघाली. आईची देणगी. आण्णाचे डॉक्टर शांत, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी त्याला सांगितलं, आधी काही दिवस नुसतं चाला, मग हळूहळू पळा, पण पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलता येईना, की समजा वेग जास्त झाला. आण्णाने मला संध्याकाळी फोन करून हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "शेजारी कोन हाय हितं माझ्या? तूच ये फोनवर." अशी ती आमची पद्धत सुरू झाली. सकाळी तो साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या सपाट रस्त्याला, आणि मी सांगलीत नदीकाठी. कानात वायरी घालून आम्ही एकाच वेळी पळायचो आणि बोलत राहायचो. कुणाची धाप ऐकू आली, की दुसऱ्याने म्हणायचं, "बोल की!" आणि मग पहिल्याने पाय आवरायचे.

सुरुवातीला त्याला हे जड गेलं. एखादं कॉलेजचं पोरगं त्याला मागं टाकून गेलं, की बोलणं तुटायचं. मला इकडं श्वासाचा भाता ऐकू यायचा. मी ओरडायचे, "आण्णा, बोल!" तो तोडून तोडून म्हणायचा, "एक... मिंट... थांब... ह्याला जरा..." मी फोन ठेवायची धमकी द्यायचे. पण हळूहळू तो शिकला. कुणी ओलांडून गेलं, की सरळ खाली वाकायचा आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा. "ते पोरगं वळणाआड गेलं की मी उठतो," असं त्याने मला हसत हसत सांगितलं होतं. "दिसंनासं झालं की पायाची शिवशिव जाती." या साध्या युक्तीचं मला फार कौतुक वाटायचं. ज्या माणसाला स्वतःचे पाय आवरता आले नाहीत म्हणून त्याची भरती हुकली, तो पन्नाशीला येऊन आवरायला शिकत होता. पहिल्यांदा न थांबता अर्धा तास पळाला, तेव्हा किती अंतर झालं हे त्याला ठाऊकही नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की त्या अर्ध्या तासात आमचं आईच्या हातच्या माडग्यावरून भांडण झालं होतं. ती हुलग्याच्या पिठात लसूण घालायची की नाही, यावरून.

दोन अडीच वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली वर्षं होती, हे मला आता कळतंय. लहानपणी तो पुढं पळायचा, लग्नानंतर आम्ही वर्षातून तीन-चारदा भेटणारे, आणि आता रोज सकाळी माझा भाऊ माझ्या कानाशी होता. बापू शेवटी शेवटी काय बोलले, वहिनींशी त्याचं सुरुवातीला का जमत नव्हतं, प्राजक्ता पुण्याला नोकरीला गेल्यावर घर कसं झालंय, असं सगळं त्याने मला पळता पळता सांगितलं. समोरासमोर बसून त्याने यातलं काही सांगितलं नसतं. त्याची साखर उतरली, एक गोळी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. 'असंच', हे त्यांचे शब्द होते.

मग त्याला ग्रुप भेटला. साताऱ्यात आता पळणाऱ्यांचे पुष्कळ ग्रुप आहेत, त्यांतला एक. माणसं वाईट नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते. वकील होते, दुकानदार होते, कुणी बँकेतला. त्यांना शिकवणारा एक चाळिशीतला माणूस होता, त्याला सगळे 'सर' म्हणायचे. आण्णा एकटाच पळताना दिसायचा म्हणून त्यांनीच त्याला बोलावलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्याचं नाव 'पॅसेंजर काका' ठेवलं. सगळ्या स्टेशनांवर थांबत येणारी गाडी म्हणून! त्याने मला ते हसत सांगितलं, पण तो दोन दिवस तेच सांगत राहिला, तेव्हाच मी समजले, की हे लागलंय. "मग सांग की त्यांना, डॉक्टरांनी असंच पळायला सांगितलंय," मी म्हटलं. तो म्हणाला, "सांगितलं. सर म्हनाले, डॉक्टर आजारी मानसाला बघून बोलत्यात. तुमी आजारी हाय का?" आता या प्रश्नाला माझ्या भावासारखा माणूस काय उत्तर देणार?

प्राजक्ताने बिचारीने कौतुकाने बापाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं, वेग आणि ठोके दाखवणारं. ठोके दाखवते म्हणून पाठवलं. आण्णा त्यात वेगच बघायचा. ग्रुपवर रोज सगळ्यांचे आकडे पडायचे आणि सगळ्यांत पुढच्याला अंगठे यायचे. सकाळचे फोन आधी दिवसाआड झाले, मग आठवड्याला, मग बंद. मी विचारलं तर म्हणाला, "बोलत पळाय लागलो तर मागं पडतो गं." इतकं सरळ उत्तर. मी घाटावर एकटीच पळू लागले. कानात वायरी घालायची सवय मोडत नव्हती, म्हणून रिकाम्याच घालायची...

भाऊबीजेला मी साताऱ्याला गेले तेव्हा त्याला बघून चरकले. गालफडं बसलेली, डोळे आत. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी पदकं टांगलेली. ही पदकं शर्यत पुरी करणाऱ्या सगळ्यांनाच मिळतात, पण पाहुण्यांना तो तसं सांगायचा नाही. ओवाळून झालं. वहिनी आत करंज्या आणायला गेल्या आणि मी म्हटलं, "आण्णा, तोंड केवढंसं झालंय रे तुझं."

"वजन उतरलंय. त्यालाच तोंड उतरलं म्हनत्यात बायका."

"आणि ठोके? घड्याळ काय म्हणतंय?"

"घड्याळ आपलं वराडतंय. सर म्हनाले, आवाज बंद करून टाका त्याचा, सवय झाली की हुतंय बरूबर." तो जरा पुढं वाकला. त्याच्या डोळ्यांत भरतीला निघालेल्या पोराची चमक होती. "सुमे, वर्षाच्या सुरवातीला घाटाची शर्यत हाय. माझ्या वयाच्या गटात मी पयल्या तिघांत येतोय. सर म्हनाले, काका, तुमच्यात हाय ते. जल्मभर दुसरा आलो गं मी. एकदा तरी..."

"आणि आता पहिला येऊन कुठं भरती व्हायचंय तुला?" मी म्हटलं.

तो उठला आणि बाहेर गेला. वहिनी करंज्यांचं ताट घेऊन दारात तशाच उभ्या. नंतर सगळे मला म्हणाले, सणाच्या दिवशी एवढं लागट बोलायला नको होतं. मला अजूनही तसं वाटत नाही. मला वाटतं, आणखी चार माणसांनी त्याच्याशी असंच लागट बोलायला हवं होतं. पण बाकीचे सगळे ग्रुपवर अंगठे देत होते.

शेवटची भेट कराडला झाली. नात्यातलं लग्न होतं. कराड आम्हा दोघांच्या मधोमध, म्हणून दोघंही सकाळीच पोचलो. बोलणं आधी तुटक तुटक. जेवणं झाल्यावर तो आपण होऊन म्हणाला, "चल, संगमावर जाऊन येऊ." कृष्णा आणि कोयना जिथं मिळतात, त्या बाजूला आम्ही निघालो. बरीच वर्षं त्याच्याबरोबर असं चालले नव्हते. तो अगदी सावकाश चालत होता. मला बरं वाटलं. वाटलं, माझं ऐकलं म्हणायचं. मी शाळेतल्या गमती सांगत होते, तो 'हं, हं' करत होता. उतार संपून थोडा चढ लागला आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. "बघ की पानी किती हाय औंदा," म्हणाला. मी पाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो पाणी बघतच नव्हता. डोळे मिटून उभा होता आणि डाव्या हाताने जबडा चोळत होता.

"काय होतंय?"

"दाढ. लय दिवस झालं, चढाला लागलं की ठनकती."

"चढाला दाढ ठणकते? आण्णा, दाढेला काय चढ कळतो? डॉक्टरांना दाखव. तुझ्या डॉक्टरांना. दाताच्या नव्हे."

"दावतो की. शर्यत झाली की दावतो." आणि माझा चेहरा बघून, लहानपणी बाभळीखाली थांबून हसायचा तसा हसला. "आता ऐन टायमाला डॉक्टरकडं गेलो, तर ते पळूच देनार न्हाईत गं मला."

म्हणजे त्याला कळत होतं. तेवढं एकच वाक्य माझ्याकडे पुरावा म्हणून उरलंय, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचा येतो. सरांचा, ग्रुपचा, घड्याळाचा नाही. त्याचाच. पळूच देणार नाहीत, हे ज्याला कळतं, त्याला का देणार नाहीत हेही कळत असणारच. मी वहिनींना सांगितलं, प्राजक्ताला फोन केला. दोघींनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो दवाखान्यात गेलासुद्धा, पण दातांच्या. दाढ काढून आला आणि मला मेसेज केला, 'दाढ काढली. आता फिट.' दाढ किडलेली होतीच म्हणे. पण चढावर तो जबडा चोळतच राहिला, हे वहिनींनी नंतर सांगितलं.

त्या रविवारी शर्यतसुद्धा नव्हती. नुसता सराव होता. यवतेश्वरच्या घाटात ग्रुप चढत होता, कुणाला नंबर मिळणार नव्हता, पदक मिळणार नव्हतं. मला ज्याने फोन केला, तो बँकेतला तरुण आठव्या दिवशी घरी आला. दारात चप्पल काढून तिथेच उभा राहून रडला. तो म्हणाला, वळणावर मी काकांना ओलांडून पुढं गेलो, तर त्यांनी पुन्हा मला गाठलं, पुन्हा मी पुढं गेलो, पुन्हा त्यांनी गाठलं, मी हसून म्हणालो, काय काका, आज सोडत नाही वाटतं! ते काहीच बोलले नाहीत. नुसता हात वर केला. मग मागून पावलांचा आवाज येईना... वहिनींनी त्याला आत बोलावून चहा दिला.

महिन्याभराने ग्रुपचं आमंत्रण आलं. आण्णाच्या स्मरणार्थ दौड. छातीवर आण्णाचा फोटो छापलेले बनियन सगळ्यांना फुकट, आणि सगळ्यांत कमी वेळात घाट चढणाऱ्याला त्याच्या नावाचा चषक. मी ते दोनदा वाचलं. माझा भाऊ ज्या चढावर घाई करून मेला, त्याच चढावर सगळ्यांत जास्त घाई करणाऱ्याला माझ्या भावाच्या नावाने बक्षीस! मी फोन करून सरांना तसं म्हटलं. ते मनापासून म्हणाले, "ताई, काकांना हेच आवडलं असतं." आणि वाईट हे, की ते खरं होतं.

चषक वहिनींच्या हस्ते द्यायचा होता. मला वाटलं, त्या जाणार नाहीत. पण त्या पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेली साडी नेसून तयार झाल्या आणि म्हणाल्या, "चला वन्सं. बलिवलंय तर जाऊ." छोटासा मंडप होता, पहाटेपासून स्पीकरवर ढोलताशे. घाटातून माणसं खाली यायला लागली. सगळ्यांच्या छातीवर माझा भाऊ, घामाने अंगाला चिकटलेला. सरांनी माईक हातात घेतला आणि काका कसे कधीच थांबायचे नाहीत, हे सांगितलं. मग माईक वहिनींपुढं धरला, "वहिनी, दोन शब्द." उभ्या आयुष्यात त्या माईकवर बोललेल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला, आणि घरात बोलतात तशाच आवाजात म्हणाल्या, "त्यांनी थांबाय पायजे हुतं. थांबलं असतं तर आज घरात असतं."

मला वाटलं, आता तरी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडेल. पण मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. भाषण संपलं की वाजवतात तशा. जिंकलेला माणूस चषक घ्यायला पुढं आला. चाळिशीचा असेल, ओठ पांढरे पडलेले, छाती भात्यासारखी. वहिनींच्या पाया पडायला वाकला आणि त्याला उठताच येईना. त्यांनी चषक बाजूला ठेवला, त्याचा दंड धरला, "बसा बगू आदी हितं," म्हणून त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने पाणी दिलं. फोटो काढणारा सारखा सांगत होता, "चषक हातात घ्या ना, चषक." वहिनींनी तो घेतलाच नाही. आम्ही दोघी रिक्षा करून घरी आलो.

मी त्या रात्री तिथंच राहिले. सकाळी जाग आली तर स्वयंपाकघरात वहिनी ओट्यापाशी उभ्या होत्या. ओट्यावर वाटी झाकून ठेवलेला स्टीलचा पेला. त्यांनी वाटी काढली. आत रात्री भिजत घातलेले मेथीचे दाणे होते. साखरेसाठी आण्णा रोज अनशापोटी ते पाणी प्यायचा. वहिनींना साखर नाही.

"अजून घालता भिजत?" मी विचारलं.

"झोपाय जाताना हात आपसूक डब्याकडं जातोय, वन्सं. घातल्यावर ध्यानात येतंय." त्या पेल्यात बघत राहिल्या. मग, इतक्या दिवसांत कुणालाच न सांगितलेलं, सहज बोलल्यासारखं बोलल्या, "त्या दिशी हितंच हुबं हुतं. पानी प्यालं, आन् ओट्याला टेकून ऱ्हायलं. म्हनलं, आवं, बरं वाटत न्हाई का? तर म्हनालं, छाती जरा जड वाटतीया. म्हनलं, मग नगा जाऊ आज. झोपा." त्यांनी गाळणी पुढ्यात ओढली. "लय वेळ काय बोललंच न्हाईत. मला वाटलं, ऱ्हात्यात आता. मग म्हनालं, न्हाई गं, जायाच पायजे. ग्रुपवर नाव टाकलंय."

बाहेर रस्त्यावरून दोघं-तिघं पळत गेल्याचा आवाज आला. वहिनींनी गाळणीने दाणे बाजूला काढले, पेला उचलला आणि तोंड वाकडं न करता सगळं पाणी पिऊन टाकलं.

"कडू लागत नाही?"

"लागतंय की," त्या पेला विसळत म्हणाल्या. "पन वतून टाकवत न्हाई."